चौदा नंबरची कवळी

“माणूस चेहऱ्याने फसवील, दातांनी नाही फसवणार! मला नुसते दात दाखवा, माणूस मी सांगतो!”

हे वाक्य कवळीवाला दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा, आणि त्याची बायको दिवसातून दोनदा तरी म्हणायची, “अहो, माणूस नंतर सांगा. आधी डबीवर नंबर लिहा!”

कवळीवाला म्हणजे डॉक्टर नव्हे, बरं का! डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घ्यायचे आणि याच्याकडे पाठवायचे. घराखालच्या खोलीत बसून हा त्या ठशांवरून कवळ्या घडवायचा. सव्वीस वर्षं हाच उद्योग. तयार कवळी कोरडी पडली की वाकते, म्हणून ती पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या डबीत ठेवायची, डबीला नंबर द्यायचा आणि नंबरापुढे वहीत नाव लिहायचं. इथवर सगळं शहाण्यासारखं. पण नंबर तो लिहायचा झाकणावर! सगळ्या डब्या सारख्या, सगळी झाकणं सारखी, आणि नंबर फक्त झाकणावर!

“अगं, झाकण म्हणजे डोकं,” तो बायकोला समजवायचा. “माणूस आपण डोक्याकडून ओळखतो की पायाकडून?”

“झाकणं बदलली की कळेल डोकं कुठे आहे ते,” ती म्हणायची आणि कामाला लागायची.

त्या सकाळी झाकणं बदलली.

पाऊस तीन दिवस लागून राहिला होता. नदीकाठची वस्ती दोन दिवसांपूर्वीच पाण्यात गेली होती, आणि तेव्हापासून कवळीवाल्याच्या ताईचा फोन लागत नव्हता. ताई नदीकाठीच राहायची, वडिलांबरोबर. तो दर तासाला फोन लावायचा, दर तासाला तीच बाई सांगायची की आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे. रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडता उजाडता वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि नऊच्या सुमारास पाणी त्याच्याही गल्लीत शिरलं. काळं, गटाराचा आणि डिझेलचा वास मारणारं पाणी. आधी उंबऱ्याशी, मग खुर्चीच्या पायांशी, आणि बघता बघता कामाच्या टेबलाशी!

“सामान राहू दे, कवळ्या आणा!” बायको जिन्यावरून ओरडली.

“आणतोय! घाबरतेस काय! इतक्या वर्षांत एक दात इकडचा तिकडे झालेला नाही माझ्याकडे!”

अकरा डब्या त्याने टोपलीत रचल्या, वही बगलेत मारली आणि जिना चढायला लागला. चौथ्या पायरीवर खिशातला फोन वाजला. ताईचाच असणार! त्याने टोपली एका हातावर तोलली, फोन काढून हनुवटीखाली धरला.

“ताई?”

“ताई नाही, मी बोलतेय! नऊ नंबर!”

ह्या हेडबाई. एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. जुनी कवळी फुटून पंधरा दिवस झाले होते आणि पंधरा दिवस त्या रोज सकाळी फोन करत होत्या. दात नसल्याने बोलणं कमी झालं असेल असं कुणाला वाटेल, तर तो गैरसमज! उलट अडवायला काही उरलं नव्हतं.

“कवळी तयार आहे ना? मी घरी नाहीये. आमच्या इमारतीत पाणी आलंय, मला कुठेतरी हलवतायत. तुम्ही तिकडे घेऊन या!”

“तिकडे म्हणजे कुठे, बाई?”

“मला काय माहीत? चौकशी करा! आणि सुळा वाकडा ठेवलाय ना? सरळ नको, मी सांगितलंय! होता तस्सा वाकडा हवा, नाहीतर मला माझ्या विद्यार्थिनी ओळखणार नाहीत!”

“वाकडाच ठेवलाय हो,” असं म्हणता म्हणता फोन घसरला, फोन वाचवायला गेला तर वही घसरली, आणि वही वाचवायला गेला तर टोपलीच गेली! अकराच्या अकरा डब्या धाडधाड खालच्या पाण्यात! झाकणं उघडली आणि होड्यांसारखी खोलीभर फिरायला लागली. कवळ्या मात्र सरळ तळाला.

तासभर तो त्या काळ्या पाण्यात बुड्या मारत होता. सगळ्या मिळाल्या, हेही नवलच! स्वच्छ पाण्यात धुऊन जिन्याच्या माथ्यावर ओळीने मांडल्या तेव्हा अकरा माणसं एकदम हसल्यासारखी दिसायला लागली. बायकोने गोळा केलेली अकरा झाकणं आणून त्यांच्या शेजारी ठेवली.

“अगं, दात बघून सांगतो मी कोण कुठलं ते,” कवळीवाला म्हणाला. पण आवाजात पूर्वीचा दम नव्हता.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. या वेळी खरंच ताई होती.

“अरे, आम्ही आहोत. दोघंही आहोत,” ताई म्हणाली आणि रडायलाच लागली.

घर गेलं होतं. परवा रात्री पाणी पलंगाला लागलं, ताईने वडिलांना पाठीवर घेऊन गच्ची गाठली, आणि आता दोघं एका शाळेत होते, दुसऱ्या मजल्यावर, सातवीच्या वर्गात. एवढं ऐकून त्याचा जीव भांड्यात पडतोय, तोच ताई पुढचं बोलली.

“बाबांची कवळी उशाशी वाटीत होती, ती वाटीसकट गेली. तेव्हापासून तोंड उघडलेलं नाही त्यांनी. बोलत नाहीत, खात नाहीत. चहात बिस्किट बुडवून दिलं तर मान फिरवतात. लोकांसमोर बोळक्या तोंडाने खायला लाज वाटते त्यांना! दोन दिवस नुसतं पाणी. डॉक्टर म्हणाले, या वयाला असं चालणार नाही. आणि चार वाजता ट्रक येणार आहे, सगळ्या म्हाताऱ्यांना वरच्या गावी नेणार आहेत. तिथून पुढे कुठे, कोणालाच माहीत नाही. तुझ्याकडे ती दुसरी आहे ना रे?”

होती. चौदा नंबर.

आता हे वडील कोण, ते सांगायला हवं. बस डेपोत एकतीस वर्षं माइकवरून गाड्यांची घोषणा करणारा माणूस. डेपोत त्यांना भोंगा म्हणत. बोलण्याआधी एक बोट वर करायची त्यांची सवय होती. बोट वर झालं की कँटीनमधला पोऱ्याही कपबशा आपटायचा थांबे, आणि मग तो आवाज यायचा. खणखणीत, एकेक अक्षर टपटपीत! “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. अमुक गाडी दीड तास उशिराने सुटेल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या उशिराबद्दल त्यांनी परक्या लोकांची माफी मागितली. त्यामुळे असेल, घरच्या माणसाचा उशीर मात्र त्यांना खपायचा नाही.

चार वर्षांपूर्वी आई दवाखान्यात होती. ताईने निरोप दिला, अकरापर्यंत ये. कवळीवाल्याच्या हातात एक कवळी होती, शेवटचा हात फिरवायची राहिलेली. ‘एवढी घासून जातो’ असं म्हणून तो बसला. साडेबाराला पोचला तेव्हा आई गेलेली होती. वडील दाराशी उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “दीड तास उशीर.”

त्यानंतर चार वर्षांत ते त्याच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. तो सणावारी घरी गेला काय, साध्या चौकशीला गेला काय, ते पेपर वर धरायचे. गेल्या वर्षी जुन्या साच्यावरून त्याने त्यांच्यासाठी नवी कवळी केली. कुणी सांगितली नव्हती. वडिलांचा वरचा डावा सुळा तरुणपणापासून जरा पुढे झुकलेला, तो त्याने तसाच झुकता बसवला, दोनदा मोडून तिसऱ्यांदा मनासारखा बसवला. आणि मग ती द्यायला जायचा धीर काही त्याला झाला नाही. चौदा नंबरचं झाकण लावून ती वर्षभर फळीवर पडून होती.

“चारच्या आत येतो, ताई,” तो म्हणाला.

“नक्की ना रे?” ताईने विचारलं. त्या विचारण्यात चार वर्षांपूर्वीची दुपार होती, आणि ती दोघांनाही ऐकू आली.

अकरा कवळ्यांत वाकड्या सुळ्याची हुडकायला त्याला क्षणही लागला नाही. ही बघ, डावा सुळा, पुढे झुकलेला! त्याने ती डबीत ठेवली, चौदा नंबरचं झाकण शोधून वर दाबलं, फोनसकट डबी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली.

“नीट बघितलंत ना?” बायकोने विचारलं.

“अगं, बापाचे दात आहेत ते! डोळे मिटून ओळखीन!”

घाईत त्याने डोळे मिटूनच ओळखले असते तरी फार फरक पडला नसता.

शाळा नऊ किलोमीटरवर. एरवी रिक्षाने पाऊण तास. अकरा वाजता तो छातीइतक्या पाण्यात उतरला, डबी डोक्यावर धरून.

नेहमीचे रस्ते ओळखू येत नव्हते. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानातून बूट तरंगत बाहेर आले होते, शेकडो बूट, आणि सगळे उजव्या पायाचे, कारण दुकानवाले मांडून ठेवतात ते एकाच पायाचे. औषधाच्या दुकानाचा मालक छपरावर बसून पाण्याकडे बघत होता, आणि काय बुडालं असं कुणी विचारलं की हाताने नुसतं सगळीकडे दाखवत होता. एका खिडकीतून एक बाई मांजराला हाका मारत होती. मांजर दिसत नव्हतं. बस डेपोशी कवळीवाला क्षणभर थांबला. गाड्या खिडक्यांपर्यंत बुडाल्या होत्या, फक्त कपाळावरच्या पाट्या वर होत्या, कुठून कुठे जाणार ते सांगत. खांबावरचा जुना भोंगा पाण्याच्या जेमतेम हातभर वर होता. घोषणा करायला कुणी नव्हतं. गैरसोयीबद्दल कुणीच दिलगीर नव्हतं.

चौकात जवानांची रबरी होडी होती आणि भिंतीवर माणसांची रांग. कवळीवाल्याच्या पुढे चाळीसेक जण असतील.

“डोक्यावर काय आहे हो?” पुढच्या गृहस्थाने विचारलं.

“पेशंटचं आहे. चारच्या आत पोचलं पाहिजे. नाहीतर कठीण आहे,” कवळीवाला म्हणाला. यातला शब्दन्‌शब्द खरा होता!

“औषध आहे! वाट द्या!” गृहस्थ ओरडले. दोन माणसांपुढे त्याचं इंजेक्शन झालं. पाच माणसांपुढे ते परदेशातून आलं. आणि रांगेच्या तोंडाशी पोचेपर्यंत डबीत कुणाचं तरी काळीज होतं, आणि ते अजून धडधडत होतं! लोकांनी कवळीवाल्याला हातोहात पुढे सरकवलं. तो “अहो, तसं नाही” म्हणायला तोंड उघडायचा, तोवर पुढचे हात त्याला ओढून घ्यायचे. आणि खरं सांगायचं तर तोंड त्याने फार मोठं उघडलंही नाही.

होडी भरलेली होती. एक आजीबाई, अंगात हुडहुडी, मांडीवर ओलं गाठोडं, कशाबशा आत बसल्या होत्या. त्या उठल्या.

“ये बाबा तू. कुणाचा जीव वाचत असेल तर वाचू दे. मी बसते परत भिंतीवर. सकाळपासून बसलेलीच आहे.”

कवळीवाला त्यांच्या जागेवर बसला. जागा अजून उबदार होती. होडी दहा हात गेली असेल नसेल, तोच जवान म्हणाला, “आणा ती डबी. बर्फाच्या पेटीत ठेवतो. काळीज आहे ना?”

“नको नको!”

“अहो, खराब होईल!” म्हणत जवानाने डबी घेतली आणि उघडली.

होडीतल्या चौदा माणसांकडे बघून कवळी हसली.

जवानाने डबी तशीच उघडी त्याच्या हातात परत दिली. कवळीवाल्याने भिंतीकडे बघितलं. आजी पुन्हा पाय पोटाशी घेऊन पावसात बसल्या होत्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“होडी मागे घ्या,” तो म्हणाला. “मी उतरतो.”

त्याने आजींना हात देऊन आत बसवलं. त्यांनी त्याच्या हातातल्या डबीत डोकावून बघितलं.

“कुणाचे रे?”

“वडिलांचे. दोन दिवस जेवले नाहीत.”

“मग ते काळजापेक्षा कमी आहे होय?” आजी खेकसल्या. “सरळ सांगायचं होतंस की! मी तरीही उठले असते.” आणि होडी निघून गेली. हे ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण उलट जास्तच लाजल्यासारखं झालं.

दीड वाजला होता. आता जायचं कसं? तेव्हा त्याला समोरून येताना दिसलं ते बदक.

बागेतल्या तळ्यात पायाने चालवायची पांढरी बदकाच्या आकाराची होडी असते ना, तीच! सात नंबरचं बदक. आत तळ्यावाले मामा, गळ्यात शिट्टी. होड्या कमी पडल्या म्हणून त्यांना बागेतून बोलावलं होतं. एकोणीस वर्षं त्यांनी तळ्यात लोकांना फिरवलं होतं, पण तळ्याबाहेर बदक काढायची ही पहिलीच वेळ.

“बसा. पाय मारा. वाकू नका, उभं राहू नका, बदकाची मान धरू नका,” मामांनी नियम सांगितले आणि दोघं निघाले. कवळीवाला जिवाच्या आकांताने पाय मारत होता. बाजार गेला, टपाल कार्यालय गेलं, पूल समोर दिसायला लागला, आणि मामांनी कर्कश शिट्टी मारली.

“वेळ संपली!”

“कसली वेळ?”

“वीस मिनिटं झाली. फेरी संपली!” आणि मामांनी बदक गर्रकन वळवलं.

“अहो मामा, हे तळं नाहीये! शहर बुडालंय!”

“म्हणून काय नियम बुडवायचे?” मामा म्हणाले. “नियम आहे म्हणून एकोणीस वर्षांत माझ्या तळ्यात एक माणूस बुडाला नाही. इथे किती बुडाले, सांगू?” सकाळपासून त्यांनी काय काय बघितलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कवळीवाल्यालाही विचारवलं नाही.

बदक मुकाट्याने चौकात परतलं. चाळीस मिनिटं वाया गेली!

दुसऱ्या खेपेला कवळीवाल्याने डोकं लढवलं. वीस मिनिटांनी शिट्टी वाजायच्या आत तो म्हणाला, “मामा, त्या कठड्याला लावा. मी उतरतो.”

तो कठड्यावर उतरला. मामांनी शिट्टी मारली. “वेळ संपली!”

“मामा, येता का? मला एक फेरी मारायची आहे,” कवळीवाला कठड्यावरून म्हणाला.

मामांनी त्याला नीट न्याहाळलं. नवा माणूस! नियमात बसत होतं. “बसा. पाय मारा. वाकू नका, उभं राहू नका, बदकाची मान धरू नका.”

असा तो नऊ वेळा उतरला आणि नऊ वेळा चढला. एकदा पाण्याच्या टाकीवर, एकदा ट्रकच्या टपावर, एकदा एका घराच्या बाल्कनीत, जिथल्या आजोबांनी “कोण पाहिजे?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आपल्या बुडालेल्या पुस्तकांविषयी सांगायला सुरुवात केली. नऊही वेळा त्याने सगळे नियम ऐकून घेतले. चार केव्हाच वाजून गेले होते. पाय मारता मारता तो रडत होता, पण पावसात ते कळण्यासारखं नव्हतं.

पावणेसहाला बदक शाळेच्या जिन्याला लागलं. कवळीवाला दोन दोन पायऱ्या गाळत वर धावला. दारावर ‘सातवी’ अशी पाटी. दार उघडं. आता वर्ग रिकामा असेल, बाकांवर ओल असेल, आणि आपण पुन्हा एकदा उशिरा आलेले असू, असं मनात घोकतच तो आत शिरला.

वर्ग खच्चून भरला होता. ओल्या गोधड्या, खोकला, पिशव्या, फळ्यावर कधीचं तरी अर्धवट गणित. आणि त्या फळ्याखाली लहान मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून, ओठ घट्ट मिटून बसलेले वडील. दोन दिवसांत गाल आत गेले होते. एवढा मोठा आवाज या एवढ्याशा माणसात कुठे राहत होता, असं त्याला वाटलं.

“आलास!” ताई पुढे आली. तिचीही रया गेली होती. “आणलीस?”

त्याने डबी उघडून वडिलांसमोर धरली. वडिलांनी त्याच्याकडे बघितलं नाही. कवळीकडे बघितलं. भिंतीकडे तोंड केलं, हाताचा आडोसा केला आणि कवळी तोंडात घातली. घालताना कपाळावर आठ्या पडल्या. जरा जोर करावा लागला. मग ते वळले.

वडिलांचं तोंड वडिलांचं दिसत नव्हतं! दात लहान, नाजूक, आणि झुकलेला सुळा… उजवा! कवळी समोर धरली की तिचं उजवं ते आपल्या डाव्या हाताला येतं, हे तो कामाला लागल्याच्या पहिल्या दिवशी शिकला होता, आणि सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदा विसरला होता.

“अहो! अहो, ते माझे दात आहेत!”

आवाज पलीकडच्या बाकावरून आला. कवळीवाल्याला वळून बघायची गरज नव्हती. हा आवाज तो पंधरा दिवस रोज सकाळी ऐकत होता.

“तो सुळा माझा आहे!” हेडबाई गोधडी टाकून उठल्या. “कुठेही ओळखीन! माझे दात परक्या पुरुषाच्या तोंडात! कवळीवाले, हा काय प्रकार आहे?”

अख्खा वर्ग बघायला लागला. खोकणारे खोकायचे थांबले. कवळीवाला भुईकडे बघत होता. जमीन दुभंगली असती तरी खाली पाणीच होतं.

“बाबा… चुकलो,” तो म्हणाला. “तुमची घरीच राहिली. ही बाईंची आहे. द्यावी लागेल.”

वडिलांनी हेडबाईंकडे बघितलं. त्यांच्या पुढे आलेल्या हाताकडे बघितलं. आता हे दात जाणार, आणि पुन्हा कधी मिळतील ते ठाऊक नाही, हे त्यांना कळलेलं दिसलं. त्यांनी सावकाश उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

हेडबाईसुद्धा गप्प झाल्या! आयुष्यभर वर्ग गप्प करणाऱ्या बाई, पण ते बोटच तसं होतं.

चार वर्षं साठलेलं आता एका वाक्यात येणार होतं. येऊ दे. जे काय असेल ते येऊ दे.

वडिलांनी चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि आवाज आला. दुसऱ्याच्या घट्ट दातांतून, जरासा शिट्टी वाजवत, पण तोच. खणखणीत.

“गाडी अडीच तास उशिरा आहे. बस.”

एवढंच. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, कवळी काढली, बाटलीतल्या पाण्याने स्वच्छ धुतली, रुमालाने पुसली आणि मान लववून हेडबाईंना दिली. ओठ पुन्हा मिटले.

आणि बाकावर अर्धा हात सरकले.

कवळीवाला त्या अर्ध्या हातावर बसला. मुलांचा बाक, दोघांचेही गुडघे वर.

हेडबाईंनी कवळी आणखी तीनदा धुतली, तोंडात बसवली, चार वेळा दात वाजवून बघितले, आणि पंधरा दिवसांची कसर काढायला सुरुवात केली. त्यांचा पहिला मोर्चा बाबांकडे.

“काय हो? दोन दिवस जेवला नाहीत म्हणे! लाज वाटते? पंधरा दिवस बोळक्या तोंडाने जेवतेय मी, सगळ्यांदेखत! कुणी हसलं? हसून तर दाखवू देत! चहात बुडवा आणि गिळा! मी बघतेय!”

बाबांनी बिस्किट उचललं. चहात बुडवलं. सगळ्यांदेखत खाल्लं. मग दुसरं उचललं. ताई तोंडाला पदर लावून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

ट्रक खरोखरच साडेसहाला आला. चाकं अर्धी पाण्यात, आत म्हातारी माणसं आणि गाठोडी. तो निघाला तेव्हा बाबांच्या एका बाजूला ताई होती आणि दुसऱ्या बाजूला कवळीवाला. समोर हेडबाई होत्या आणि बोलत होत्या. मागे शहर काळोखात बुडत चाललं होतं, एकही दिवा नव्हता. बाबांची मान हळूहळू कलली आणि कवळीवाल्याच्या खांद्यावर आली. झोप लागली असेल, दुसरं काय!

फोन वाजला. त्याने खांदा न हलवता उचलला.

“अहो, पोचलात का?” बायको विचारत होती. “इथे एका डबीत एक कवळी आहे, डावा सुळा वाकडा! मी म्हणत नव्हते, डबीवर लिहा, डबीवर लिहा! मग बाबा बोलले की नाही?”

“बोलले.”

“अगंबाई! चार वर्षांनी! काय म्हणाले?”

“बस म्हणाले.”

“आणि?”

“आणि काय,” कवळीवाला म्हणाला, “बसलो.”